पट्टा आवळावा किती?

ऑटोमॅटिक मोटारीत डावा पाय आणि डावा हात निवृत्त होतात खरे. पण त्यांचे काम दुसऱ्या कुणाला तरी करावेच लागते. ते कोण करते, हे मला माझ्या पेणच्या मावसभावाने दाखवले.

दादांकडे एक जुनी अमेरिकन मोटार आहे. मावशी व मुलांसह रोह्याला लग्नाला निघायचे होते. आदल्या दिवशी दादा म्हणाले, "पट्टा घसरतोय. तो पाहिल्याशिवाय सुकेळी खिंडीत गाडी घालायची नाही."

हा पट्टा असतो गिअरबॉक्सच्या पोटात. तिथली दातेरी चाके सूर्याभोवती ग्रह फिरावेत तशी एकमेकांत कायम गुंतलेली. त्यांतले कोणते अडवायचे, यावर गाडीचा गिअर ठरतो. अडवण्यासाठी एका ढोलाभोवती अस्तर लावलेला पोलादी पट्टा असतो. तेलाच्या दाबाने तो आवळला की ढोल थांबतो, सोडला की फिरतो. अस्तर झिजते, म्हणून बाहेरून एक स्क्रू ठेवलेला असतो.

पट्टा सैल पडला तर चढावर इंजिन ओरडते आणि गाडी रखडते. घसरून अस्तर जळते, तेल काळे पडते. उतारावर इंजिनाचा अटकाव उरत नाही. सारा भार ब्रेकवर! आणि फार घट्ट केला, तर सुटायच्या वेळी सुटत नाही. तेव्हाही अस्तरच जळते.

उपाय दिसायला सोपा. लॉकनट ढिला करायचा, स्क्रू ठरल्या जोराने आवळायचा, मग मोजून उलटे फेरे द्यायचे आणि स्क्रू हलू न देता नट कसायचा. आकडे मात्र ज्या त्या गाडीच्या पुस्तकातले. १९६२ पासूनच्या ॲल्युमिनियमच्या पॉवरग्लाइडला ७० इंच-पौंड जोर आणि ४ उलटे फेरे. पट्टा ६००० मैलांहून कमी चाललेला असेल तर ३.

"काका, घाट आहे, अर्धा फेरा कमी सोडू का?" मेकॅनिक पोराने विचारले.

"नको रे! पुस्तकात आहे तेवढेच," दादा म्हणाले. फेरे त्यांनी मोठ्याने मोजले.

दुसऱ्या दिवशी खिंडीचा चढ गाडीने कुरकुर न करता ओलांडला. उतारावर दादांनी 'लो' लावला. इंजिनानेच गाडी धरली. मावशींची झोपही मोडली नाही. कोलाडला वळून आम्ही मुहूर्ताआधी रोह्यात!

फोर्डच्या 'मॉडेल टी'त (१९०८ ते १९२७) असेच पट्टे चालक पायाने आवळीत असे. पुढे ते काम तेलाने घेतले. आपल्याकडे २०१४ साली सेलेरिओबरोबर आलेल्या एएमटी गाड्यांत मात्र हा पट्टा नाही. तिथे नेहमीचाच क्लच आणि गिअर यंत्र हलवते. तेव्हा वाचकहो, ऑटोमॅटिक गाडी घसरू लागली, तर पान्याआधी तिचे पुस्तक उघडा. आणि तेलाला करपल्याचा वास येत असेल, तर घाटाची वाट धरण्यापूर्वी मेकॅनिककडे जा.