खोडदची दुर्बीण आणि दूरस्थ आकाशवाचक

रेडिओ दुर्बीण छायाचित्र टिपत नाही. तिने नोंदलेल्या लहरींपासून गणिताने प्रतिमा रचावी लागते. त्या प्रतिमेत काय दडले आहे, हे ओळखण्यासाठी मात्र माणसाची कल्पक नजरच लागते.

डॉ. गोविंद स्वरूप यांच्या संकल्पनेतून जुन्नर तालुक्यातील खोडद येथे उभ्या राहिलेल्या ‘जीएमआरटी’ने (४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या) २०१० ते २०१२ या काळात १५० मेगाहर्ट्झवर सुमारे नव्वद टक्के आकाशाचे सर्वेक्षण केले. ह्यूब इंटेमा व सहकाऱ्यांनी या नोंदींवर परदेशात पुनःप्रक्रिया करून २०१६ मध्ये प्रतिमा सर्वांस खुल्या केल्या. तत्पूर्वीच, २०१३ मध्ये, डॉ. आनंद होता यांनी ‘रॅड-ॲट-होम’ हा नागरिक-विज्ञान उपक्रम आरंभिला होता. त्यातील विद्यार्थी व पदवीधर रेडिओ आणि दृश्य प्रकाशातील प्रतिमा एकमेकींवर ठेवून रंगसंमिश्र चित्रे बनवितात, वेगळे काही दिसल्यास आंतरजालावरच त्याचा खल करतात. प्रयोगसाहित्याची वानवा असलेल्या आपल्या महाविद्यालयांनी याची दखल घ्यावयास हवी.

सुमारे एक अब्ज प्रकाशवर्षे दूर असलेली, आपला झोत शेजारच्या दीर्घिकेवर फेकणारी ‘रॅड-१२’ अशीच गवसली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या शोधात जीएमआरटीबरोबर दक्षिण आफ्रिकेच्या मीरकॅट दुर्बिणीच्या नोंदीही उपयोगी पडल्या.

एक विसंगती मात्र उरते. ज्या भ्रमणध्वनीवर ही चर्चा रंगते, त्याच्याच लहरी खोडदला गोंगाट ठरतात. त्यापायी जुन्नर-आंबेगाव परिसराने सोसलेली उद्योगांवरील व मनोऱ्यांवरील बंधने दूरस्थ आकाशवाचकाच्या क्वचितच ध्यानी येतात.