आठ कोअर आणि एक बॅटरी

पालकसभा आटोपल्यावर एका विद्यार्थ्याचे वडील थांबले. ते हडपसरला रात्रपाळीत सुरक्षारक्षक आहेत. "सर, पोराला दहावीनंतर जुना फोन घ्यायचाय. दुकानदार आठ कोअरचा दाखवतो. आठ म्हणजे बॅटरी लवकर संपणार ना?" शिष्यवृत्तीचा अर्ज, ओटीपी, अभ्यासाचे व्हिडिओ, सारे त्या एकाच यंत्रावर अवलंबून. मी इतिहासाचा शिक्षक. पण उत्तर शोधताना आपल्या पुण्याच्याच इतिहासाशी येऊन पोहोचलो.

१९८८ साली पुण्यात सी-डॅक स्थापन झाली आणि १९९१ साली डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली 'परम ८०००' हा महासंगणक सिद्ध झाला. एकाच अतिवेगवान प्रोसेसरवर विसंबून न राहता अनेक प्रोसेसर जोडून काम वाटून द्यायचे, हे त्याचे सूत्र होते. पुढे तेच सूत्र फोनमध्ये आले, ते मुख्यतः विजेच्या काटकसरीसाठी.

काम करणाऱ्या कोअरला लागणारी वीज वेगाच्या प्रमाणात आणि विद्युतदाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग निम्मा केला की दाबही उतरवता येतो. समजा, तो ८० टक्क्यांवर आणला. मग ०.५ × ०.८ × ०.८ म्हणजे ०.३२. असे दोन कोअर मिळून पूर्वीइतकेच काम ६४ टक्के विजेत करतात. अट एकच : काम वाटता आले पाहिजे. सगळीच कामे तशी वाटता येत नाहीत. पहिली पायरी झाल्याशिवाय दुसरी सुरू होत नसेल, तर उरलेले कोअर रिकामेच राहतात. अशा वेळी त्यांचा वीजपुरवठा जवळजवळ तोडला जातो. त्यामुळे आठही कोअर क्वचितच एकदम राबतात. २०११ साली आर्म कंपनीने थोरले आणि धाकटे कोअर एकाच चिपवर बसवण्याची रचना जाहीर केली. गाणे ऐकण्यासारखे हलके काम धाकट्यांकडे, खेळ किंवा छायाचित्रणाचे जड काम थोरल्यांकडे.

सतत ॲप बंद करीत बसण्याची सवय मात्र उलटी पडते. तेच ॲप पुन्हा पहिल्यापासून उघडायला अधिक वीज लागते. पडद्याचा उजेड आणि दुबळे नेटवर्क हे बॅटरीचे खरे मोठे गिऱ्हाईक.

त्या पालकांना मी सांगितले, कोअर मोजू नका. लिथियम-आयन बॅटरी काही शेकडो वेळा भरून रिकामी झाली की तिची क्षमता घटते, मग प्रोसेसर कितीही काटकसरी असो. तेव्हा फोन घ्या, पण बॅटरी नवी बसवून द्यायला लावा आणि तसे पावतीवर लिहून घ्या.