गुत्तीचा कोळी आणि पोकळ झाडे

मुरारराव घोरपडे यांच्या किल्ल्यामुळे मराठी वाचकांना परिचित असलेले आंध्र प्रदेशातील गुत्ती हे गाव प्राणिशास्त्रात एका कोळ्यामुळे ओळखले जाते. ‘पोसिलोथेरिया मेटॅलिका’ हे त्याचे शास्त्रीय नाव. धातूसारखी झळाळी असलेल्या या निळ्या कोळ्याचे वर्णन रेजिनाल्ड पोकॉक यांनी १८९९ मध्ये केले. नमुना सापडला तो गुत्तीच्या रेल्वेच्या लाकूड-वखारीत. बहुधा लाकडांबरोबर तो दुरून आला असावा. कारण २००१ मध्ये तो पुन्हा आढळला तेव्हा ते ठिकाण गुत्तीपासून सुमारे शंभर किलोमीटरवर, नंद्याळ व गिद्दलूर यांच्या दरम्यानच्या पानझडी जंगलात होते. गुत्तीचे केवळ नाव त्याला चिकटले.

आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २००८ मध्ये त्याला ‘अतिसंकटग्रस्त’ ठरवले. त्या मूल्यांकनानुसार त्याचे क्षेत्र शंभर चौरस किलोमीटरहूनही लहान आहे आणि जंगलतोड व सरपण ही त्यावरील मोठी संकटे आहेत. इकडे ही अवस्था, तर युरोप-अमेरिकेतील हौशी लोकांच्या काचपेट्यांत या कोळ्याची पैदास वर्षानुवर्षे चालू आहे! ती संख्या पाहून निर्धास्त होणाऱ्यांशी मी सहमत नाही. पेटीतल्या कोळ्यांमुळे नंद्याळचे जंगल सुरक्षित होत नाही.

कायद्याने उशिरा का होईना, दखल घेतली. २०१९ मध्ये ‘साइट्स’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात पोसिलोथेरिया ही संपूर्ण प्रजाती समाविष्ट झाली. म्हणजे तिचा आंतरराष्ट्रीय व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही. २०२२ मध्ये आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यात दुरुस्ती होऊन या कराराच्या अंमलबजावणीसाठी स्वतंत्र प्रकरण जोडले गेले. या तरतुदींचा रोख मुख्यतः व्यापारावर आहे. तस्कराला विमानतळावर अडवता येईल, पण कोळी राहतो तो जुन्या, उंच झाडांच्या ढोलीत. लाकडाच्या हिशेबात पोकळ खोडाची किंमत फारशी नसते आणि चुलीसाठी ते सोयीचे असते. सरपणासाठी जंगलात जाणाऱ्या बाईवर दंडाची पावती फाडणे हा यावरचा उपाय मला मान्य नाही. तिच्या घरात परवडेल असे दुसरे इंधन पोहोचायला हवे.

वनखात्याच्या हाती मात्र एक गोष्ट आहे. या पट्ट्याच्या कार्य आयोजनेत ढोली असलेल्या झाडांची गणना करून त्यांच्यावर खूण करावी आणि ती तोडीतून वगळावीत. त्यासाठी नवा कायदा लागत नाही.