राणी जन्मत नाही, घडते

एकाच देवळात स्नानसंस्कार झालेल्या दोन घरांतील सोयरीक जातीवरून अडली होती. मुलाचे आजोबा मला म्हणाले, “फादर, मधमाश्यांतसुद्धा राणी आणि कामकरी अशा जाती असतात. मग माणसांत असल्या तर नवल ते काय?” वाचकहो, साक्षीला मोहोळ काढले आहे, तर मोहोळालाच विचारू या.

आपल्या तापीकाठच्या केळफुलांवर येणारी सातेरी माशी झाडाच्या ढोलीत पोळी बांधते. तिच्या मोहोळात राणी एक, कामकरी माश्या हजारो आणि नर थोडे. नर अफलित अंड्यांतून जन्मतात, हे सायलेशियातील कॅथलिक धर्मगुरू योहान झिर्झोन यांनी १८४५ साली मांडले. परंतु राणी आणि कामकरी या दोघी फलित अंड्यांतूनच जन्मतात. त्या अंड्यांत भेद नसतो.

मग जात ठरते कशाने? अन्नाने. आरंभीचे सुमारे तीन दिवस सर्व अळ्यांना दायी माश्यांच्या ग्रंथींतून पाझरणारा दुधासारखा रस मिळतो. पुढे कामकरी अळीला मध व पराग मिसळलेले अन्न मिळते. राणी व्हावयाची अळी मात्र अखेरपर्यंत त्या रसावर, म्हणजे राजान्नावर, वाढते. त्यामुळे तिच्या शरीरात एक संप्रेरक वाढते व अंडाशय पूर्ण विकसित होतात. २००८ साली ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी नवजात अळ्यांतील, जनुकांवर रासायनिक खुणा करणारे एक विकर दाबले. तेव्हा राजान्नासारखाच परिणाम होऊन बहुतेक अळ्या राण्या झाल्या. जनुके तीच, त्यांपैकी कोणती जागी व्हावीत, हे पोषण ठरविते.

राणी अकस्मात मेली, तर माश्या कामकरीच्याच कोवळ्या अळीला राजान्न भरवून नवी राणी घडवितात. मधपाळही याच युक्तीने राण्या तयार करतात. अशा मधपाळांसाठी पुण्यात १९६२ साली केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था स्थापन झाली.

खरे सांगावयाचे तर सर्व कीटकांचे असे नाही. अमेरिकेतील काही धान्य वेचणाऱ्या मुंग्यांत राणी की कामकरी, हे बहुतांशी मातापित्यांकडून आलेल्या जनुकांवरच ठरते. म्हणून किड्यांवरून माणसाचा कायदा काढू नये. तरीही कोणी मधमाशीचीच साक्ष काढील, तर ती साक्ष उलट जाते. दासीच्या अळीला राणी करताना मोहोळ तिचे कूळ विचारीत नाही.

आजोबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “मुलीच्या वडिलांना रविवारी घरी बोलवावे म्हणतो.”