शॅमेलिऑनचं पिल्लू काय खातं?

मागच्या आठवड्यात चौथीतल्या एका मुलाने आजोळहून, माण तालुक्यातून, शॅमेलिऑन सरड्याचं पिल्लू डब्यात घालून आमच्या कोयनानगरच्या वर्गात आणलं. जेमतेम दोन पेरांएवढं. डब्यात शिजलेला भात आणि झाकणभर पाणी. "बाई, दोन दिवस झाले, हा काहीच खात नाही!"

का खात नव्हता? पालक-शिक्षक मित्रहो, समजून घेऊ.

१) शॅमेलिऑन हलणारं भक्ष्य बघून जीभ फेकतो. भात हलत नाही, म्हणून तो त्याच्यासाठी अन्नच नाही.

२) पिल्लाला कीटकही बारीकच लागतात. पिकलेल्या केळ्यावर घोंगावतात ना, तसली चिलटं. त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा किडा त्याला झेपत नाही. आणि असे किडे दिवसातून अनेकदा लागतात.

३) साठलेलं पाणी तो सहसा पीत नाही. पानांवरचे दवाचे, पावसाचे थेंब चाटतो.

आई अंडी मातीत पुरून निघून जाते. म्हणजे पिल्लू पहिल्या दिवसापासून स्वतःच शिकार करतं. त्याला आपली नाही, झुडपाची गरज असते.

शिवाय वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार हा सरडा पाळणं गुन्हा आहे.

मुलांना रागावू नका, त्यांनी प्रेमानेच आणलेलं असतं. आम्ही वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर फोन केला. पिल्लू सोपवताना तो मुलगा रडला. मग म्हणाला, "बाई, त्याला झुडपातच सोडायला सांगा. तिथं चिलटं असतात."

धडा त्याला समजला होता.