दुधाच्या कॅनमधलं वॉर्सा

वॉर्सा घेट्टोतल्या ज्यूंच्या लढ्याचा विषय निघाला की १९ एप्रिल १९४३ ही तारीख आठवते. आठवायलाच हवी. मोर्देखाय अनिएलेविच आणि त्याच्या तरुण साथीदारांनी त्या दिवशी मोजकी पिस्तुलं आणि पेट्रोलच्या बाटल्या घेऊन जर्मन फौज अडवली आणि जवळजवळ महिनाभर झुंजवली. पण माझ्या लेखी हा लढा त्याच्या अडीच वर्षं आधीच सुरू झाला होता, कागद-पेन्सिलीनं.

नोव्हेंबर १९४० मध्ये घेट्टो बंद झाला. चार लाखांहून अधिक माणसं आत कोंडली गेली. रेशनवर दिवसाला दोनशे कॅलरीही मिळत नव्हत्या; भिंतीच्या भगदाडांतून चोरून बटाटे आणणाऱ्या पोरांवर घरं जगत होती. अशात इतिहासकार इमान्युएल रिंगेलब्लूम यांनी शिक्षक, लेखक, कार्यकर्ते गुपचूप जोडले. शनिवारी बैठक व्हायची. मुलांचे निबंध, रोजनिशा, रेशनची कुपनं, ट्रामची तिकिटं, चॉकलेटची वेष्टनंसुद्धा त्यांनी जमवली. आपला इतिहास मारेकऱ्यांनी लिहू नये, एवढ्यासाठी ही सगळी जोखीम. या गटातल्या राखेल आउअरबाख अन्नछत्र चालवायच्या आणि तिथे येणाऱ्या भुकेल्यांबद्दल लिहून ठेवायच्या.

२२ जुलै १९४२ पासून ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीकडे गाड्या सुटू लागल्या. दोन महिन्यांत सुमारे २ लाख ६५ हजार माणसं गेली. बाहेर धरपकड चालू असताना नोवोलिप्की रस्त्यावरच्या शाळेच्या तळघरात इस्रायल लिख्टेनश्टाइन आणि त्यांचे दोन विद्यार्थी पत्र्याच्या दहा पेट्या पुरत होते. त्यातला दावीद ग्राबर १९ वर्षांचा. त्यानं आपलं मृत्युपत्रही पेटीत ठेवलं. फेब्रुवारी १९४३ मध्ये आणखी कागद दुधाच्या दोन मोठ्या कॅनमध्ये भरून तिथेच पुरले.

बंडानंतर घेट्टो जाळून सपाट केला गेला. रिंगेलब्लूम पत्नी-मुलासह शहरात लपले होते. मार्च १९४४ मध्ये पकडले गेले आणि मारले गेले. गटातले अगदी मोजके वाचले. त्यांतल्या हेर्श वासर यांना पुरल्याची जागा ठाऊक होती, आणि आउअरबाखबाईंनी खणण्याचा ध्यास सोडला नाही. सप्टेंबर १९४६ मध्ये ढिगाऱ्याखालून पेट्या निघाल्या, पाणी शिरलेल्या. कॅन १९५० मध्ये सापडले; त्यांतले कागद बऱ्या अवस्थेत होते. सगळी मिळून सुमारे ३५ हजार पानं. तिसरा साठाही पुरला होता; तो आजवर मिळालेला नाही.

आउअरबाख पुढे इस्रायलला गेल्या. याद वाशेम संस्थेत त्यांनी वाचलेल्यांच्या साक्षी नोंदवणारा विभाग उभा केला आणि १९६१ मध्ये नाझी अधिकारी आइशमानवरच्या खटल्यात स्वतः साक्ष दिली.