पहिलीचा वर्ग उन्हात

मार्कंड्याला वैनगंगा उत्तरेकडे वळते. हिवाळ्यात नदीकाठची सकाळ चांगलीच बोचरी. म्हणून पहिलीच्या बाई वर्ग अंगणातल्या उन्हात भरवतात. मी तपासणीला गेलो तेव्हा मुले चिंचोक्यांवर बेरीज शिकत होती. मग पळापळीचा खेळ झाला. एकच मुलगी गुडघे पोटाशी घेऊन बसलेली.

"ते आळशी आहे जी," पोरे म्हणाली.

मलाही आधी तसेच वाटले. हातपाय ठणकतात म्हणाली, तेव्हा सिकलसेलची शंका आली. आपल्या भागात हा आनुवंशिक आजार बराच आढळतो. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, तहान कमी लागल्याने पाणीही पोटात कमी जाते. मग विळ्याच्या आकाराच्या लाल पेशी अडकून असह्य वेदना होतात. अशा मुलाला उबदार कपडे घाला, पहाटे गार पाण्याने आंघोळ घालू नका, पाणी वरचेवर पाजा. ताप, छातीत दुखणे वा धाप लागणे दिसताच दवाखाना गाठा. २०२३ साली सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले. रक्ताची पहिली चाचणी सोपी असते. भावंडांचीही करून घ्या.

मुलीचा अहवाल अजून यायचा आहे. तूर्त बाईंनी तिला भिंतीलगत, उन्हाच्या जागी बसवले आहे. चिंचोके मोजायला तिच्याकडेच दिलेत.